वरचा ढीग आणि खालचे शेत : दरडी का सुटतात, खाणगाळाचे बंधारे का फुटतात

पावसाळ्याआधी बियाणे, खते, औजारे यांची तयारी आपण करतोच. त्यात आणखी एक काम धरा. आपल्या शेताच्या वरच्या अंगाला काय आहे, ते एकदा चालत जाऊन बघून या. डोंगर असेल, खाणीच्या मातीचा डंप असेल, वीज केंद्राचा राख बंधारा असेल, किंवा पाण्याने भरलेला जुना खाणीचा खड्डा असेल. या चारही गोष्टी वेगवेगळ्या दिसतात आणि सरकार दरबारी त्यांची खातीही वेगळी. पण खाली शेत असलेल्या माणसासाठी प्रश्न एकच आहे. हे खाली आले तर काय?

हा विषय आता काढण्याचे कारण झांबियातून आले. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी त्या देशाच्या तांबे खाणपट्ट्यात, चांबिशी येथे, एका तांबे कंपनीचा खाणगाळाचा बंधारा फुटला. सुमारे ५ कोटी लिटर आम्लयुक्त सांडपाणी ओढ्यातून काफुए नदीत गेल्याचे तेव्हा सांगण्यात आले. प्रत्यक्षात कितीतरी जास्त गाळ बाहेर पडला, असा वाद पुढे उभा राहिला. नदीत मासे मेले, कित्वे शहराचा पाणीपुरवठा बंद करावा लागला आणि आम्ल मारण्यासाठी नदीत विमानातून चुना टाकला गेला. नदीकाठच्या शेतकऱ्यांचा मका आणि भुईमूग जळाला. पाऊस पडला नव्हता म्हणून नव्हे, रोग आला म्हणून नव्हे. वरच्या बाजूला कोणीतरी साठवून ठेवलेले पाणी खाली आले म्हणून.

झांबिया लांब आहे हे खरे. पण २९ जुलै २०२१ रोजी सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावी काय झाले? लोहखनिजाच्या खाणीत पावसाचे पाणी साठले होते. खाणीची कड कोसळली आणि ते पाणी चिखलासह गावात शिरले. घरांचे नुकसान झाले, भातशेती आणि बागायतीत लाल चिखल बसला. पुढच्याच वर्षी, १६ जुलै २०२२ रोजी, नागपूरजवळ कोराडी औष्णिक वीज केंद्राचा खसाळा येथील राख बंधारा मुसळधार पावसात फुटला. खसाळा, म्हसाळा, कवठा या भागातल्या शेतांत राखेचे पाणी पसरले आणि ते नदीपर्यंत पोचले. शेजारच्या मध्य प्रदेशात सिंगरौलीला एप्रिल २०२० मध्ये सासन वीज प्रकल्पाचा राख बंधारा फुटून ६ जणांचा जीव गेला, उभी पिके राखेखाली गेली. एप्रिल म्हणजे भर उन्हाळा. बंधारा फुटायला अतिवृष्टीच लागते असे नाही, हे त्यावरून लक्षात घ्या.

डोंगर आणि ढीग यांचे दुखणे एकच

माती उतारावर टिकून राहते ती कणाला कण घासून धरतो म्हणून. कोरडा वाळूचा ढीग करून पाहा, ठरावीक उतारावर तो स्थिर राहतो. थोडा ओला केला तर आणखी घट्ट बसतो. पण पाणी भरतच राहिले आणि निघायला वाट नसली, की कणांमधल्या फटीत दाब वाढतो. हा दाब कणांना एकमेकांपासून किंचित उचलून धरतो. घर्षण गेले की उतार गेला. चिखलणी केलेल्या खाचरात पाय टाकल्यावर जमीन पायाखालून कशी सरकते, ते भात लावणाऱ्याला समजावून सांगायला नको.

सह्याद्रीत खाली काळा कातळ असतो, वर झिजलेला मुरूम आणि त्याच्यावर माती. पाणी मुरमातून झिरपते आणि कातळावर येऊन थांबते. तीन-चार दिवस धो धो पाऊस झाला की कातळ आणि मुरूम यांच्या सांध्यावर पाण्याचा थर तयार होतो आणि वरचा सगळा थर झाडांसकट सुटतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण असे गेले. १५१ माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातले तळीये गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता असताना शोध थांबवावा लागला. तिथे तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे विधिमंडळात सांगितले गेले, आणि ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती हेही तिथेच सांगितले गेले. त्यामुळे ‘आपले गाव यादीत नाही’ यावर विसंबू नका. यादी आधी घडलेल्या घटना आणि सर्वेक्षण यांवरून होते. डोंगर ती वाचत नाही.

खाणीच्या ढिगाला तर कातळाचा आधारही नसतो. तो माणसाने ओतलेला असतो. खनिज काढताना वरची माती, मुरूम, निरुपयोगी दगड बाजूला टाकला जातो. चंद्रपूर, यवतमाळकडे याला ओबी डंप म्हणतात, गोव्यात नुसते डंप. गोव्याच्या लोहखनिज पट्ट्यात एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती काढावी लागते. ही माती जिथे जागा मिळेल तिथे जाते आणि बरेचदा ती जागा म्हणजे एखादी घळ किंवा ओढ्याचा उगम असतो, कारण तिथे शेती नसते आणि कोणी हरकत घेत नाही.

वेल्समधल्या अ‍ॅबरफान गावाची गोष्ट याच चुकीची आहे. तिथे कोळसा खाणीच्या मातीचा सातवा ढीग १९५८ पासून डोंगरावर, चक्क झऱ्यांच्या तोंडावर रचला जात होता. गावकऱ्यांनी तक्रारी केल्या होत्या. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी सव्वानऊच्या सुमारास तो ढीग पातळ होऊन खाली आला आणि प्राथमिक शाळेवर गेला. १४४ जण मेले, त्यात ११६ मुले होती. चौकशीत दोष कोळसा मंडळावर आला. तरीही डोंगरावरचे उरलेले ढीग हटवण्याच्या खर्चासाठी आपद्‌ग्रस्तांसाठी लोकांनी दिलेल्या निधीतूनच दीड लाख पौंड घेतले गेले. ते १९९७ मध्ये परत केले गेले, म्हणजे तीस वर्षांनी. ढीग कोणाचा आणि तो उचलण्याचा खर्च कोणाचा, हा वाद आपल्याकडे उद्या झाला तर तो नवीन नसेल.

गाळाचे धरण म्हणजे काय

खनिज धुऊन किंवा दळून घेतल्यावर उरणारा बारीक, ओला गाळ पाइपातून आणून बंधाऱ्यामागे साठवतात. राख बंधाराही तसाच. आपण पाहतो त्या पाटबंधारे खात्याच्या धरणात आणि यात मोठा फरक आहे. पाण्याचे धरण एकदाच पूर्ण उंचीचे बांधले जाते. गाळाचा बंधारा मात्र गाळ वाढेल तसा वाढवत नेतात. त्यातली सर्वांत स्वस्त रीत म्हणजे आधीच्या भिंतीच्या आतल्या बाजूला, साचलेल्या गाळावरच पुढची भिंत चढवायची. म्हणजे भिंतीचा पाया हा गाळच. तो कोरडा राहिला, निचरा होत राहिला तर भिंत उभी राहते. निचरा तुंबला तर आतून पातळ होते.

ब्राझीलमधल्या फुंदाओ बंधाऱ्याचे असेच झाले. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी तो फुटला, १९ जण गेले, बेंतो रोद्रिगेस हे गाव गाळात बुडाले. बाहेर पडलेला गाळ सुमारे ४ कोटी घनमीटर होता. आपल्या मापात सांगायचे तर जवळपास दीड टीएमसी, म्हणजे खडकवासल्याच्या उपयुक्त साठ्याच्या पाऊण. तो दोसी नदीतून सहाशेहून अधिक किलोमीटर वाहत अटलांटिक समुद्राला मिळाला. तज्ज्ञांच्या तपासात निघाले ते असे, की निचऱ्याची मूळ योजना बदलली गेली आणि जिथे फक्त वाळू असायला हवी होती तिथे, भिंतीच्या डाव्या अंगाखाली, बारीक चिकट गाळ राहून गेला होता. भिंत त्यावर चढली.

तीन वर्षांनी, २५ जानेवारी २०१९ रोजी, त्याच राज्यात ब्रुमादिन्यो येथे ८६ मीटर उंचीचा बंधारा कोसळला. २७० बळी गेले. हा बंधारा २०१६ पासून वापरात नव्हता. त्यात नवा गाळ येत नव्हता. कोसळण्याआधी काही महिने तो स्थिर असल्याचा दाखला तपासणी कंपनीने दिला होता. खाणीचे उपाहारगृह आणि कार्यालय नेमके त्याच्या खाली होते आणि भोंगे वाजलेच नाहीत. म्हणून ‘खाण बंद आहे, आता काय होणार’ ही समजूत सर्वांत धोक्याची. खाण बंद झाली की पंप बंद होतो, चर साफ करणारे हात जातात, पण पाऊस येतच राहतो. गोव्यात २०१२ च्या बंदीनंतर आणि पुन्हा २०१८ च्या निकालानंतर खाणी थांबल्या, डंप मात्र तिथेच उभे राहिले, हे तिथल्या वाचकांनी विसरू नये.

ब्रुमादिन्योनंतर पारावपेबा नदीचे पाणी थेट उपसून वापरू नका, असा आदेश निघाला. नदीकाठची शेती, गुरे, मत्स्यपालन अडकून पडले. ब्राझीलने गाळावर भिंत चढवण्याची रीत बंद केली. फुंदाओचा हिशेब तर अजून चालू आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्राझीलमध्ये १७० अब्ज रेआलचा समझोता झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लंडनच्या न्यायालयाने भागीदार असलेल्या बीएचपी कंपनीला जबाबदार धरले. घटना घडून दहा वर्षे झाली तेव्हा. हे दहा वर्षांचे अंतर लक्षात ठेवा. पुढे पंचनाम्याबद्दल सांगायचे आहे ते त्यासाठीच.

‘पाणी जिरवा’ सगळीकडे नाही

हा भाग विशेषतः पाणलोटात काम करणाऱ्या सहायक कृषी अधिकाऱ्यांसाठी आहे. पाणी अडवा, पाणी जिरवा ही घोषणा दुष्काळी माळरानासाठी सोन्याची आहे. पण उतार साधारण २५ अंशांच्या पुढे, कातळावर मुरमाचा जाड थर आणि खाली घरे, या तीन गोष्टी एकत्र असतील तर तिथे पाणी जिरवणे म्हणजे डोंगराच्या पोटात पाणी भरणे. अशा ठिकाणी सलग समतल चर खोदू नयेत, प्लास्टिक नसलेले शेततळे करू नये, नव्या रस्त्यासाठी पायथा कापू नये. तिथे काम उलटे करायचे असते. पाणी वरच्या वर पक्क्या चरांनी गोळा करून बाजूच्या नैसर्गिक ओढ्यात सोडायचे. उतार मोजायला महागडे यंत्र लागत नाही, शाळेतला कोनमापक आणि ओळंबा पुरतो.

माळीणनंतर पडकईच्या कामासाठी डोंगरउतारावर यंत्रे चालवली गेली, त्यावरून बराच वाद झाला. मला त्यातला टोकाचा पक्ष कोणताच पटत नाही. हाताने, दगडी ताली घालून पिढ्यान्‌पिढ्या केलेली पडकई डोंगर धरून ठेवते. तीच यंत्राने एका हंगामात, ताल न बांधता केली तर सुटी माती उतारावर मोकळी राहते आणि पाणी सपाट पट्ट्यात थांबते. दोष पडकईचा नाही, घाईचा आहे. जुन्या ताली ढासळल्या असतील तर पावसाआधी बांधून घ्या आणि प्रत्येक पट्ट्याला पाणी काढून देणारी सांड ठेवा.

ओळखायच्या खुणा

डोंगर सुटण्याआधी बहुतेक वेळा काही ना काही दाखवतो. उतारावर आडव्या भेगा पडतात, त्या रोज रुंदावतात. सरळ वाढलेली झाडे, विजेचे खांब एका बाजूला कलतात. घराची दारे अचानक अडकू लागतात. वर्षानुवर्षे स्वच्छ असलेला झरा गढूळ होतो किंवा नको तिथे नवा झरा फुटतो. सर्वांत वाईट खूण म्हणजे भर पावसात वहाळाचे पाणी एकदम कमी होणे. वर कुठेतरी माती पडून पाणी अडले आहे आणि ते एकदम येणार आहे, असे समजा. अशा वेळी वर पाहायला जाऊ नका. वहाळापासून बाजूला, उंचावर, माणसे आणि गुरे घेऊन निघा. जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर किंवा ११२ वर कळवा. गुरे सोडायला वेळ नसेल तर निदान दावी कापा.

भेग मोजायची सोपी पद्धत म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकायची आणि मधले अंतर रोज दोरीने मोजून वहीत लिहायचे. चार दिवसांची ही नोंद तहसीलदारांपुढे ठेवली तर ‘गावकरी घाबरलेत’ असे म्हणून सोडून देता येत नाही.

डंप आणि बंधाऱ्याच्या खुणा थोड्या वेगळ्या. बंधाऱ्याच्या पायथ्याशी उन्हाळ्यातही हिरवे गवत आणि ओल दिसली तर पाणी झिरपत आहे. झिरपणारे पाणी निर्मळ असेल तर लक्ष ठेवा, गढूळ असेल तर बंधाऱ्याची माती आतून वाहून जात आहे. तो तातडीचा प्रकार. पायथा फुगून पुढे आलेला, उतारावर चिरा, आतले पाणी थेट भिंतीला टेकलेले, हेही तसेच. कोळसा खाणींच्या नियमांत ३० मीटरपेक्षा उंच ढिगाला पायऱ्या हव्यात असे आहे. एकसंध सरळसोट उभा उतार दिसला तर ग्रामपंचायतीमार्फत खाण सुरक्षा महासंचालनालयाला लेखी विचारणा करा. झारखंडमध्ये लालमटिया खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी असाच ढीग कोसळून २३ कामगार गेले. ढिगाच्या सावलीत काम करणारे आणि शेती करणारे, दोघांनाही ही तपासणी हवी असते.

शेतात आल्यावर : काय आले ते आधी ओळखा

इथे घाई नडते. शेतात साचलेला थर नांगरून टाकावा, असे पहिल्यांदा सगळ्यांना वाटते. दरडीची माती आली असेल तर त्यात विष नसते. ती फक्त नापीक असते, सेंद्रिय कर्ब जवळजवळ नसतो. दोन-तीन इंचांपर्यंतचा मऊ थर जुन्या मातीत मिसळता येतो. मोठे दगड वेचून बांधाला लावा, भरपूर शेणखत घाला, ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडा. पहिल्या वर्षी उत्पन्नाची मोठी अपेक्षा ठेवू नका.

लोहखनिजाचा लाल गाळ वेगळा. तो इतका बारीक असतो की वाळल्यावर पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही आणि बी वर येत नाही. भातखाचरात दुसरा त्रास होतो. पाणी साठून राहिले की गाळातले लोह विरघळून मुळांना बाधते, खालच्या पानांवर तांबूस ठिपके येतात आणि फुटवे थांबतात. कोकण-गोव्याच्या आम्ल जमिनीत लोह आधीच जास्त, त्यात ही भर. गाळ काढता येण्यासारखा असेल तर काढाच. उरलेल्यासाठी खाचरातले पाणी अधूनमधून काढून जमीन हवेशीर होऊ द्या, माती परीक्षणानुसार चुना आणि पालाश द्या. नारळ-सुपारीच्या बागेत बुंध्याभोवती चढलेला गाळ आधी मोकळा करा, मुळे गुदमरून झाडे महिन्या-दोन महिन्यांनी माना टाकतात.

राखेबाबत एक हिशेब करून ठेवा. शेतावर एक सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे हेक्टरी सुमारे १०० टन राख. जमीन सुधारण्यासाठी राख वापरतात असे तुम्ही ऐकले असेल, पण ती मोजून, तपासून दिलेली असते. बंधारा फुटून आलेल्या राखेत विद्राव्य क्षार आणि बोरॉन जास्त असू शकते. कापूस बोरॉन बऱ्यापैकी सोसतो, संत्रा अजिबात सोसत नाही. नागपूर भागातल्या बागायतदारांनी म्हणून आळ्यातली राख सर्वांत आधी काढावी. राख ओलसर असतानाच खरवडावी, वाळली की ती डोळ्यात आणि फुफ्फुसात जाते. तोंडाला ओले फडके बांधा.

तांबे किंवा इतर धातूंच्या खाणीचा गाळ असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत जमिनीला हातच लावू नये. विहिरीत असे पाणी गेले असेल तर उपसा करून पुन्हा तपासल्याशिवाय पिऊ नका, गुरांनाही पाजू नका. गाळ बसलेला चाराही नको.

नमुना घेताना वरचा साचलेला थर आणि खालची जुनी माती वेगवेगळ्या पिशव्यांत घ्या. लोखंडी फावडे वापरू नका, लाकडी पट्टी किंवा प्लास्टिकचा डबा घ्या, नाहीतर लोहाचा आकडा फसवा येतो. शक्य तर ज्या शेतात गाळ आला नाही तिथला तिसरा नमुनाही घ्या. सामू, क्षारता, कर्ब, लोह, मंगल, जस्त, तांबे हे नेहमीच्या तपासणीत होते. शिसे, आर्सेनिक, कॅडमियम यांसाठी कृषी विद्यापीठाच्या किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला वेगळे सांगावे लागते.

पंचनाम्यात एक शब्द

आता पैशांचे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत (२०२२ ते २०२६) तीन इंचांहून जास्त गाळ साचलेली जमीन साफ करायला हेक्टरी १८,००० रुपये आणि दरडीने किंवा नदीचे पात्र बदलून जमीनच गेली तर हेक्टरी ४७,००० रुपये आहेत, तेही अल्प व अत्यल्प भूधारकांसाठी. ऑक्टोबर २०२५ मध्ये अतिवृष्टीनंतर राज्याने खरडून गेलेल्या जमिनीसाठी रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतच्या कामांची जोड जाहीर केली होती.

गाळ काढायचे पैसे पुरतात का? तीन इंच थर म्हणजे हेक्टरी सुमारे ७६० घनमीटर, म्हणजे जवळपास २६९ ब्रास. १८,००० ला २६९ ने भागा. ब्रासमागे ६७ रुपये पडतात. तेवढ्यात भरणे, वाहतूक आणि टाकायला जागा काय मिळेल, ते तुमच्या गावच्या ट्रॅक्टरवाल्याला विचारा.

म्हणूनच खाणीचा किंवा राखेचा गाळ असेल तर पंचनाम्यात तो ‘अतिवृष्टीमुळे साचलेला गाळ’ म्हणून लिहिला जाऊ देऊ नका. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, सवयीने छापील रकाना भरतात. त्यात त्यांचा वाईट हेतू असतोच असे नाही. पण ‘अतिवृष्टी’ लिहिले की प्रकरण नैसर्गिक आपत्तीत जाते, मदत निकषापुरती मिळते आणि ज्याच्या जागेतून गाळ आला तो बाजूला राहतो. ‘अमुक खाणीच्या कडेतून किंवा बंधाऱ्यातून आलेला गाळ, रंग अमुक, जाडी इतके इंच, गट क्रमांक अमुक’ असे लिहून घ्या. सहीपूर्वी वाचा. तारीख-वेळेसह फोटो काढा आणि फोटोत गाळात उभी केलेली मोजपट्टी दिसू द्या. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी आपल्या अहवालात थराची जाडी आणि नमुन्यांचे क्रमांक नोंदवावेत. वर सांगितलेल्या दहा वर्षांच्या लढाईत शेवटी असलेच कागद उपयोगी पडतात.

माणसाने केलेल्या अशा नुकसानीसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे, आपल्यासाठी पुणे येथील पश्चिम विभाग खंडपीठाकडे, भरपाई आणि जमीन पूर्ववत करून मागता येते. त्याची मुदत कारण घडल्यापासून पाच वर्षे आहे. अपघाताच्या प्रकरणात कंपनीची चूक सिद्ध झाली नसली तरी ती जबाबदार धरली जाऊ शकते, अशी कायद्यात तरतूद आहे. गट करून अर्ज केलात तर खर्च वाटला जातो. शिवाय खाणबाधित गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी असतो. तो कुठे खर्च झाला ते ग्रामसभेत विचारा आणि डंपाखालच्या ओढ्याचा गाळ काढणे, पायथ्याला भिंत, गाळ बसण्यासाठी टाकी ही कामे ठरावात घाला.

पीकविम्याबाबत गैरसमज नको. महाराष्ट्रात खरीप २०२५ पासून स्थानिक आपत्तीसाठीची वैयक्तिक भरपाई योजनेतून काढली गेली, त्यामुळे ७२ तासांत कळवा म्हणजे पैसे मिळतील, हा जुना सल्ला आता तसाच लागू नाही. चालू हंगामाचा शासन निर्णय कृषी कार्यालयात विचारून घ्या. पंचनामा मात्र कोणत्याही परिस्थितीत करून घ्याच, आणि त्याची प्रत मिळेपर्यंत साचलेल्या थराचा निदान एक कोपरा, दोन-तीन गुंठ्यांचा, हात न लावता तसाच ठेवा.